काट्यांच्या जाळावरची भज्जी

मला सल्ल्यांचा राग येतो, आणि पडद्यावर चित्रं दाखवून दिलेल्या सल्ल्यांचा तर फारच. त्यामुळे बीदरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जायचा हुकूम आला, तेव्हा मी शेवटच्या रांगेतली खिडकी धरली आणि दिवस कसा ढकलायचा याच्या काळजीत बसले. शिकवायला बेंगळुरूहून एक तरुण मुलगी आली होती. अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलायची. विषय होता लॅटरल थिंकिंग. आमच्या रांगेतल्या कन्नड शाळेच्या एका मास्तरांनी त्याचं लगेच ‘आडवा विचार’ असं बारसं करून टाकलं.

ती मुलगी म्हणाली, कुलूप उघडत नसेल तर किल्लीशी झटत बसू नका, दाराच्या बिजागऱ्या कुठं आहेत ते बघा. प्रश्न उलटा करा. जे तुम्हाला हवं आहे ते आणखी कुणाला हवं आहे, ते शोधा. आणि अडचण काही केल्या हलत नसेल, तर तिला हलवू नका. तिला काहीतरी काम द्या. मग तिनं प्रत्येकाला पिशवीतली एक वस्तू काढायला लावली आणि तिचा नेहमीचा सोडून दुसरा काय उपयोग होईल ते सांगायला लावलं. मास्तरांनी जेवणाचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याचा एकच उपयोग हाय, मॅडम, आन् तो कधी करायचा ते तुमी सांगा." सगळा वर्ग हसला. मीही हसले. असल्या खेळांनी कुणाचं भलं झालं आहे, असं मनात म्हणत मी भालकीची बस धरली.

पण बसमध्ये हसू मावळलं, कारण आमच्या घरात एक न हलणारी अडचण होतीच. ती शेताच्या तोंडाशी पडली होती आणि तिला बोटभर लांब काटे होते.

आमचं गाव भालकी तालुक्यात, मेहकरच्या वाटेवर. मी भालकीला मराठी शाळेत शिकवते आणि नवरा शेती बघतो. आमचं शेत रस्त्याला लागून नाही. रस्त्याला लागून आहे ते माझ्या चुलतदिराचं, आणि त्याच्या मागं आमचं. जुन्या लोकांनी वाटण्या करताना कमालच केली होती. आंब्याच्या झाडाखालचे चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे दोन्ही घरांचे शेतातले पांडव, ते आमच्या वाट्यात आले. आणि पांडवांकडं जायची गाडीवाट त्यांच्या वाट्यात गेली. देव एकाकडं आणि देवाची वाट दुसऱ्याकडं. भांडायचं नाही असं ठरवलेली माणसंच अशी वाटणी करू शकतात, आणि ती माणसं होती तोवर सगळं सुरळीत चाललं.

गेल्या साली आमचा ऊस कारखान्याला जाताना ट्रॅक्टरची शेवटची ट्रॉली ओल्या मातीत घसरली आणि दिराच्या तुरीत घुसली. तूर शेंगांनी लगडली होती, तिची पार खिचडी झाली. तेवढंच झालं असतं तरी मिटलं असतं. पण माझा नवरा, ज्याला बोलू नये तेच बोलणं नेमकं साधतं, तो म्हणाला, "दोन झाडं मोडली तर यवढं काय आभाळ पडलं रं?" दीर तिथनं निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथं त्याचा बांध संपून आमचं शेत सुरू होतं तिथं त्यानं वाळल्या बाभळीच्या फांद्यांचा पुरुषभर उंच ढीग घातला. वर तारेनं आवळला. पुढं पेरणीला गाडीवाटेतही तुरीच्या ओळी पेरल्या. वर्षभर आम्ही ओढ्याच्या अंगानं, चिखलातनं, पायी शेतात जात होतो. बी-खत डोक्यावरनं नेलं. पण ऊस डोक्यावरनं नेता येत नाही.

यंदाचा ऊस उभा होता, आणि असा ऊस आमच्या रानात मी आल्यापासून पाहिला नव्हता. कारखान्याची तोड आली होती. येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी ऊसतोड्यांची टोळी आमच्या फडात उतरणार होती. ट्रॅक्टरला वाट नाही असं दिसलं की टोळी पुढच्या फडात जाणार, आणि एकदा पुढं गेलेली टोळी माघारी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर उसाला तुरे येणार, आतून तो पोकळ होणार, आणि वर्षभराची मेहनत उभ्याउभ्या वाळणार. माझ्या नवऱ्यानं तो ऊस लेकरासारखा वाढवला होता. तो रात्री जेवताना ताटाकडं बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा, आणि तरी मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायचे.

सरळ उपाय सगळे करून झाले होते. गावातल्या चार शहाण्यांनी दोघांना बसवलं, तर दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले. तहसीलला अर्ज करा म्हणाले; अर्जाचा निकाल लागेपर्यंत उसाचं सरपण झालं असतं. मी नवऱ्याला म्हणाले, "अवो, जाऊन एकदा चुकलं म्हणा की." तर म्हणतो, "मी? कामून? ट्रॉली मी चालवायलतो का?" आता याला काय शिकवायचं! माझ्या वर्गातली पोरंसुद्धा यापेक्षा लवकर शहाणी होतात.

प्रशिक्षणानंतरच्या एका सकाळी मी अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवत होते. बाभळीची काटकी मोडून आत सारताना काटा बोटात घुसला. मी बोट तोंडात घातलं आणि जाळाकडं बघत राहिले. वाळली बाभळ काय सुरेख पेटते! धूर नाही, कुरकुर नाही, पातेलं बघता बघता खळखळतं. आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. बेंगळुरूच्या मुलीनं सांगितलं होतं, अडचणीला काम द्या. आमची अडचण म्हणजे दुसरं काय होतं? गाडीभर उत्तम जळण होतं, रचून, आवळून, वर्षभर उन्हात वाळवून तयार ठेवलेलं. आणि गाडीवाटेतली ती तूर? ती म्हणजे येळवशीची भज्जी होती!

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची खोप उभारायची, तिच्यात पांडव पुजायचे, आणि गावातल्या, परगावच्या, ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं. ओल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली अंबील. त्या दिवशी कुणीही कुणाच्या बांधावरनं जावं. शेतात आलेल्या माणसाला त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. वर्षभर वैर पाळणारे लोकही त्या दिवसापुरतं ते घरी कडी लावून ठेवून येतात.

मग मी प्रश्न उलटा केला. वाट आम्हाला हवी होती, हे तर साऱ्या गावाला माहीत होतं. पण आणखी कुणाला हवी होती? काकीला. काकी म्हणजे दिराची आई, माझी चुलतसासू. दिरानं रागाच्या भरात वाट बंद केली ती आपल्या आईच्या पांडवांचीही बंद केली, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आल्यावर त्यानं आपल्या रानात ओढ्यातले पाच दगड आणून मांडले आणि आईला म्हणाला, हे घे तुझे पांडव. काकी त्याला म्हणाली होती, "माय बी नवी आण मग एखादी." तेव्हापासून मायलेकांचंही बोलणं जेमतेमच होतं.

संध्याकाळी मी काकीकडं गेले. वाटेचं नाव काढायचं नाही, असं स्वतःला बजावूनच गेले होते. म्हणाले, "काकी, यंदा शाळेतल्या बायका येणार हायत येळवशीला. माझी अंबील कुणी पिणार न्हाई. तुमी कराल का?"

काकीच्या अंबिलीचं नाव उदगीरपर्यंत आहे. ती खुलली, पण डोळे बारीक करून म्हणाली, "आन् भज्जी?"

"भज्जी मी शेतातच करीन म्हणते. गरमगरम. तुमच्या बांधाच्या टोकाला चूल मांडू, म्हंजे रस्त्यानं येणाऱ्याला जवळ पडल. पर जळण न्हाई माझ्याकडं, आन् ओली तूर बी यंदा कमीच हाय."

काकीनं मला निरखून पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तू लई वांड हायस. जळणाची काळजी करू नको. बांधाच्या टोकाला जळण लई पडलंय."

घरी येऊन नवऱ्याला एवढंच सांगितलं, "येळवशीला तुमी फकस्त एकच काम करायचं. तोंड उघडायचं न्हाई." त्यानं विचारलं, कामून. मी म्हटलं, हेच, असलंच काही विचारायचं नाही.

येळवशीच्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि हवेत हरभऱ्याचा आंबूस वास होता. मी पहाटेच उठून उंडे केले होते. आम्ही मोठं पातेलं घेऊन रस्त्याकडनं दिराच्या बांधावर आलो, आणि कुणी अडवलं नाही, कारण दिवस तसा होता. काट्यांच्या ढिगापाशी पोचलो तर काकी आधीच तिथं. डोक्यावरची अंबिलीची घागर, आमचा बिंदगा, घोंगडीवर उतरवलेला, आणि ती स्वतः गाडीवाटेतल्या तुरीच्या शेंगा ओटीत तोडत चाललेली. मागं दीर धावत आला.

"आई, ती तूर कामून तोडायलीस?"

"मग भज्जी कशाची करू, तुझ्या डोसक्याची?"

"आपल्या रानात दुसरी न्हाई का?"

"ही जवळ हाय. म्हातारीला लांब पाठवतूस व्हय?" आणि पुढं हात केला. "हुभा काय राहिलास? धर वटी."

शाळेतल्या बायका आल्या, गल्लीतली माणसं आली, आणि आल्या आल्या शेंगा सोलायला बसली. येळवशीला रिकाम्या हातानं बसून कुणाला चैन पडत नाही. मी तीन दगडांची चूल मांडली, ढिगापासून चार पावलांवर. घरून दोन गोवऱ्या आणल्या होत्या, मुद्दाम दोनच. त्या पेटल्या, पातेल्याला जरा ऊब आली, आणि व्हायचं तेच झालं. जाळ बसला. पाहुणे पातेल्याकडं बघत होते आणि मी दुसरीकडंच बघत होते. दीर आता पाय आपटत निघून गेला असता तर माझा सगळा आडवा विचार तिथंच आडवा झाला असता.

काकी मोठ्यानं म्हणाली, "पोरा, लोक उपाशी बसायलेत तुझ्या बांधावर."

तुझ्या बांधावर. हे शब्द मी शिकवले नव्हते, ते काकीचे स्वतःचे. दिरानं एकवार पाहुण्यांकडं पाहिलं, एकवार विझत्या चुलीकडं, आणि मग ढिगाकडं. यजमान तो होता. बांध त्याचा, आई त्याची, अंबील त्याच्या घरची, आणि जाळावाचून भज्जी अडलेली. त्यानं खिशातनं पक्कड काढली. शेतकऱ्याच्या खिशात पक्कड असतेच. तार तोडली, वरची फांदी ओढली, पायाखाली धरून मोडली आणि चुलीत सारली. भक्कन जाळ झाला. बायकांनी "आत्ता कसं!" म्हणून ओरडा केला.

मग तो थांबलाच नाही. एक फांदी, मग दुसरी. पातेलं खळखळायला लागलं तरी तो आणतच होता, कारण आता येळवशीचं दूध उतू घालायला दुसरी चूल हवी होती, पाणी तापवायला तिसरी हवी होती, आणि ती सगळी कारणं काकी एकामागून एक काढत होती. ढीग कमी होत गेला तसा पलीकडचा आमचा ऊस बुडापासून दिसायला लागला. हिरवागार, वाऱ्यावर सळसळणारा. दिरानं वर्षभर तो जवळनं पाहिला नव्हता. हातातली फांदी तशीच धरून तो म्हणाला, "अण्णा, ऊस लई जबरी आणलास."

माझ्या नवऱ्याला मी तोंड उघडू नका म्हटलं होतं. त्यानं उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

"तुझी तूर लई मोडली रं माझ्यामुळं," तो म्हणाला. "तवा मी तसं बोलाय नको हुतं."

मग दिरानं हातातली फांदी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे मोड. नुसतं बसतूस काय." दोघं शेजारी शेजारी उभे राहून काटे मोडायला लागले. माझे डोळे भरून आले आणि मी सगळ्यांना सांगितलं, धूर लई हाय. वाळल्या बाभळीला धूर नसतो, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

भज्जी शिजली तेव्हा वाट मोकळी होती. काकी बिंदगा डोक्यावर घेऊन सगळ्यांत पुढं निघाली, आणि आंब्याखालच्या पांडवांपुढं जाऊन तिनं जे हात जोडले ते लवकर खाली आलेच नाहीत. मग दोन्ही घरांनी मिळून "ओलगे ओलगे सालम पोलगे" असा येळवशीचा गजर करत रानात अंबील शिंपली. दीर त्याच्या शेतातनं सुरू झाला आणि आमच्या उसाला वळसा घालून परत आला. पाहुण्यांनी भज्जीवर असा हात मारला की पातेलं घासायचीही गरज राहिली नाही. गाडीवाटेतल्या तुरीच्या शेंगा संपल्या होत्या, आणि मोकळी झाडं दिरानं उतरत्या उन्हात स्वतः विळ्यानं कापून बांधावर रचली. दूध ज्या बाजूला सांडतं तिकडचं रान पिकतं म्हणतात; ते उतू घातलं तेव्हा चूल सोडून चारी बाजूंनी सांडलं. कुणाचं रान पिकणार यावर माणसं वाद घालू लागली, तर काकी म्हणाली, सगळ्यांचंच पिकल, गप जेवा.

निघताना दीर माझ्याजवळ आला. राख पायानं सारत म्हणाला, "वैनी, दोन गोवऱ्या घिऊन कुणी शंभर माणसाची भज्जी करायला येतं का? मला काय कळत न्हाई व्हय?"

मी शाळेत पोरांची कॉपी पकडते. त्या क्षणी मी स्वतःच पकडले गेले होते. म्हटलं, "मग भावजी, तार कामून तोडलीत?"

त्यानं आंब्याकडं हात केला. "वर्ष झालं, म्या बी पांडवाला गेलो न्हाई," तो म्हणाला. "ढीग घालायला एक सकाळ लागली. काढायचा कसा, त्येच सुचंना."

आपण फक्त आपल्या उसाची वाट उघडतो आहोत, असं मला वाटत होतं. त्या ढिगाच्या पलीकडं तोही अडकला होता, आणि हे बेंगळुरूच्या मुलीला, मास्तरांना, मला, कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टोळी आली. मी शाळेला रजा टाकली नव्हती, पण पाय निघेना. पहिली ट्रॉली भरली, ऊस असा रचलेला की वरची पाती आंब्याला घासत होती. ट्रॅक्टर गुरगुरत गाडीवाटेला लागला. आणि ट्रॅक्टरच्या पुढं, उलटा चालत, दोन्ही हात हलवत माझा दीर होता. "डायवर अप्पा, डावीकडं घ्या! डावीकडं! तिकडं माझी तूर हाय, आता जरा सांभाळून!" ड्रायव्हर हसत होता, माझा नवरा ट्रॉलीच्या मागं हात टेकून चालत होता, आणि काकी बांधावर बसून जणू तिच्याच घरची वरात चालली आहे अशी बघत होती.

चाकं काट्यांच्या राखेवरनं गेली आणि राख मऊ उडाली. ट्रॉली रस्त्याला लागली तसं मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. भालकीच्या मराठी शाळेची शिक्षिका, हातात पिशवी, अंगात शाळेची साडी, भर सकाळी बांधावर उभी राहून "ओलगे ओलगे" म्हणून ओरडते आहे, हे बघून टोळीतल्या बायकाही ओरडायला लागल्या. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले आणि कारण विचारल्यावर खरं ते सांगितलं.